साठवलेली रजा

ओहायोतल्या त्या दरवाज्यांच्या कारखान्यात साडेसहाची घंटा झाली आणि लॉर्ना केसलर रोजच्यासारखी बिजागऱ्या बसवायला उभी राहिली. मोबाईल नियमाप्रमाणे बाहेर कपाटात ठेवलेला. तिची चार वर्षांची हॅटी चाळीस मैलांवर शहरातल्या मुलांच्या अतिदक्षता विभागात, आज नवव्या दिवशीही श्वासाच्या यंत्रावर होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही फुप्फुसं भरली. नवरा केव्हाच सोडून गेलेला, आई गुडघ्यांनी जायबंदी. पोरीजवळ बसायला दुसरं कोणी नव्हतं.

मग ही बाई इथे काय करतेय, असं तुम्ही विचाराल. विचाराच. ती रजा वाचवत होती.

या गावात हेच शहाणपण समजतात. लेकरू दवाखान्यात आहे तोवर कामावर जायचं आणि ते घरी आल्यावरच्या दिवसांसाठी रजा राखून ठेवायची. बिनपगारी रजा मिळते, पण तिच्यावर चूल पेटत नाही. लॉर्नाची स्वतःची रजा हिवाळ्यातच संपली होती. म्हणून हॅटी आजारी पडल्यावर कारखान्यातल्या चाळीस जणांनी आपापल्या आजारपणाच्या रजेतला अर्धा-अर्धा दिवस तिच्या नावे केला. वीस दिवस जमले, आणि लॉर्ना ते दिवस जिवापाड जपत होती.

"आज कशी आहे गं?" शेजारच्या बर्निसने विचारलं. ती तीस वर्षं याच टेबलाशी उभी होती, आणि रजा गोळा करायला घरोघर हीच हिंडली होती.

"औषधाने झोपवून ठेवलीय. डॉक्टर म्हणतात, अजून दोन आठवडे तरी लागतील."

"मग तिथे बसून तू काय भिंती मोजणार? नर्स आहेत की रात्रंदिवस. घरी आल्यावर तिला आईच लागेल, तेव्हा घे रजा."

"तेच करतेय. पण काल निघताना तिचं बोट हललं, बर्निस. पाय निघत नव्हता माझा."

"असं हळवं होऊन चालत नाही, बाई."

बर्निसचं मन काही वाईट नव्हतं. तेच तर दुखणं आहे! वाईट रूढी दुष्टांच्या जोरावर टिकत नाहीत, भल्या माणसांच्या सल्ल्यावर टिकतात.

दहा वाजून पाच मिनिटांनी दवाखान्याचा फोन कचेरीत आला. 'आईला ताबडतोब पाठवा' अशी निरोपाची चिठ्ठी मुकादम क्लेटनच्या हातात पडली. बाहेर मालाचा ट्रक उभा होता, काम थांबवायचं नव्हतं. साडेअकराच्या सुट्टीत सांगू, असं म्हणून त्याने ती खिशात घातली.

लॉर्ना पोहोचली तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. यंत्र बंद होतं. हॅटीचे केस कुणीतरी नीट विंचरले होते. नर्स इनेस खुर्चीवरून उठली.

"हृदयच थांबलं, लॉर्ना. खूप प्रयत्न केले. मी तिचा हात सोडला नाही."

"जागी झाली होती का?"

इनेस इथे खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. "सकाळी औषध जरा कमी केलं होतं. तिने डोळे उघडले. दाराकडे बघत होती. मी सांगितलं, आई पाच वाजता येणार आहे."

लॉर्नाने कामाचे हातमोजेही काढले नव्हते. ती पोरीजवळ बसली आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच तिला उठवता आलं नाही.

दुखवट्याचे तीन दिवस मिळाले. ते वीस दिवस मात्र परत गेले. "ती रजा आजारी मुलाच्या शुश्रूषेसाठी होती," मॅनेजर ग्रेडीने समजावलं, "आता नियमात बसत नाही." वर त्याने उपाहारगृहात छोटा समारंभ ठेवला. रजा देणाऱ्या चाळीस जणांच्या नावांची पाटी लावायची होती. कारखाना म्हणजे एक कुटुंब, असं त्याने भाषणात सांगितलं आणि लॉर्नाला आभाराचे दोन शब्द बोलायला उभं केलं.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत," ती सहकाऱ्यांना म्हणाली. "पण त्यातला एक दिवससुद्धा मी वापरला नाही. साठवत बसले. आईला आपल्या लेकराजवळ बसायला वर्गणी का गोळा करावी लागते, हे मी कधी विचारलंच नाही. आज विचारतेय." तिने टेबलावर एक कागद ठेवला. "यात दोनच मागण्या आहेत. मूल अतिदक्षता विभागात असेल तर आईबापाला पगारी रजा द्या. आणि दवाखान्याचा फोन आला तर निरोप त्याच मिनिटाला द्या. सह्या करा."

"लॉर्ना, ही वेळ नाही," ग्रेडी हळूच म्हणाला.

"वेळ तर गेलीच, साहेब."

बर्निसने डोळे पुसत पहिली सही केली. मग एक उठला, मग दुसरा. क्लेटन मान खाली घालून बसून राहिला. ग्रेडी दारात उभा राहून सही करणाऱ्यांचे चेहरे पाहत होता. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे कामाला निघाले. रजेचं दान द्यायला चाळीस जण पुढे आले होते. हक्क मागायला सात आले.

लॉर्नाने त्या सात सह्यांचा कागद ग्रेडीच्या हातात दिला आणि पोच मागितली. तिला स्वतःला आता रजेची गरज उरली नव्हती.