पत्र्यावरची शिक्षा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. पण नुसता पत्रा म्हणालात तर मला राग येईल. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि आनंद नगरच्या यशवंतकाकांच्या कूलरची मी पाठ झालो. बारा उन्हाळे मी त्या घराला गार झोप दिली. "हा कूलर आहे म्हणून जगतोय," असं शारदाकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, तेव्हा मी फुगून जायचो. मग घरात एसी आला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे मी गंजत पडलो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

पुढे काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुर्बीण घेऊन माळावर हिंडू लागले. रायसेन रोडला एका गावाची जुनी चरनोई आहे, म्हणजे आपलं गायरान. गावातली गुरं कमी झाली, तसं तिथलं गवत वाढलं. गेल्या श्रावणात त्या गवतात काकांना खरमोराची, म्हणजे आपल्या तणमोराची, मादी दिसली. हे पक्षी आता अगदी थोडे उरले आहेत आणि वेडे घरटं करतात ते थेट जमिनीवर! उघड्या मातीत चार अंडी होती. आठवड्याभरात तिथलं गवत यंत्राने कापणार, असंही काकांच्या कानावर आलं. गावात त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

काकांनी मला गच्चीवरून उतरवलं, घासलं, पिवळा रंग दिला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं : 'यहाँ आने वालों को शिक्षा दी जाएगी।' मला चरनोईच्या कडेला उभं केलं. मी छाती काढून सगळ्यांना धाक दाखवू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू येऊन पाहतात तो काय, माझ्यासमोर दप्तरं घेतलेली अकरा मुलं! सोबत गवत कापणारा जितेंद्र.

"अंकल जी, शिक्षा कितने बजे से मिलेगी? मैं बच्चों को ले आया."

"अरे भैया, शिक्षा मतलब... सज़ा!"

काकूंना हसू आवरेना. "अहो, पस्तीस वर्षं भोपाळात काढलीत! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण!"

काका मात्र घाबरले होते. मुलं पांगली असती, तर घरटं तीस पावलांवरच होतं. मीही वाऱ्याशिवाय थरथरलो.

"आलीच आहेत, तर द्या की शिक्षण," काकू म्हणाल्या.

काकांनी मुलांना माझ्या सावलीत बसवलं आणि दुर्बीण हातोहात फिरवली. तेवढ्यात गवतातून काळा नर टुणकन उंच उडाला. मुलं तोंडावर हात दाबून हसली. जितेंद्र हळूच म्हणाला, "ये तो खरमोर है. दादाजी बताते थे, मैंने तो आज देखा." घरट्याचं कळल्यावर त्याने यंत्र दिवाळीपर्यंत घरीच ठेवलं.

काका अक्षरं पुसायला निघाले, तर जितेंद्रनेच अडवलं. "रहने दो अंकल जी, सही तो लिखा है."

काही दिवसांनी मादी तीन पिल्लं घेऊन माझ्या पायाशी आली. माझ्या सावलीत ती घटकाभर बसली. कूलरच्या बारा उन्हाळ्यांत मला एवढा आनंद झाला नव्हता.

मित्रांनो, माळावर गेलात तर पाऊल टाकण्याआधी खाली बघा. एवढी शिक्षा माझ्याकडून घ्या. मराठीतली की हिंदीतली, ते तुमच्या पावलांवर आहे.