एका बादलीत धुतलेली टाकी

सकाळी मी कारखान्यात शिरले तेव्हा बाबा बाह्या सरसावून माशांच्या टाकीपाशी उभे होते आणि टाकीची काच आरशासारखी लखलखत होती.

"बघा पर्यावरणमंत्री, तुमची टाकी," ते म्हणाले. "तीही एका बादलीत धुतली. पाणी वाया घालवलं की अंगावर येतेस ना!"

तपासणीवाल्या बाई कोणत्याही क्षणी येणार होत्या. मी "छान" म्हटलं आणि फाटकाकडे पळाले. तेवढ्या एका शब्दावर ते केवढे खूश झाले होते! थांबून एक प्रश्न विचारला असता तर? आता विचार करून डोकं फुटायची वेळ आली आहे.

आमचा धंदा मुलाम्याचा. कपाटांच्या हँडलांवर निकेल चढवायचं. सगळा माल एकाच बड्या कंपनीला जातो आणि त्या कंपनीनं फर्मान काढलं, की यापुढे ज्याचं सांडपाणी स्वच्छ त्यालाच काम. बाबा खवळले. "हँडल चमकायला हवं की गटार?" मीही त्यांचीच मुलगी, हट्टाला पेटले. जुनी रसायनं बदलली, सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली. सुरुवातीला माल डागाळला आणि ट्रक भरभरून परत आला. चांगले कारागीर सोडून गेले. बाबा जेवताना माझ्याशी बोलेनात. मग हळूहळू घडी बसली. माल परत येणं जवळजवळ थांबलं, पाण्याचा टँकर बंद झाला, गटारात वाहून जाणारं निकेल पुन्हा कामाला यायला लागलं. बाबांनी कबूल केलं नाही, पण टोमणे कमी केले. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

यंत्रणेच्या शेवटी ती टाकी. शुद्ध झालेलं पाणी तिच्यातूनच बाहेर जातं. त्यात मासे जगले म्हणजे पाणी ठीक. त्यातल्या मोठ्या नारिंगी माशाचं नाव बाबांनी 'साहेब' ठेवलं होतं, कारण स्वतः काही न करता तो काचेला नाक लावून सगळ्यांवर नजर ठेवायचा. पुढे पुढे डबा खाऊन झाला की ते स्टूल ओढून साहेबांसमोर बसायला लागले. कोणी बघितलं तर लाज नको म्हणून हातात एक हँडल धरायचे, तपासत असल्यासारखं.

कंपनीनं पाठवलेल्या त्या बाई आल्या, सगळीकडे फिरल्या. नवी रसायनं बघितली, पाणी परत फिरवणारे पंप बघितले. "लहान जागेत चांगलं जमवलंत," असंही म्हणाल्या. मी हवेत होते. आता फक्त टाकी राहिली होती.

टाकीत साहेब पोट वर करून तरंगत होते. बाकीचे मासेही. पाण्यावर बारीक फेस होता आणि मला तो वास आला.

मुलामा चढवण्याआधी आम्ही हँडलांचं तेल काढतो, त्या उग्र द्रावणाचा वास. बाबा जन्मभर हरेक वस्तू त्यानंच घासत आले, आईच्या शिव्या खाऊन घरातली भांडीसुद्धा. त्यांना वास येत नाही. वाफांनी त्यांचं नाक केव्हाच निकामी झालंय. आणि वर विसळायला घेतली होती फक्त एक बादली, माझ्या धाकानं. मला तिथंच बसकण मारून रडावंसं वाटलं.

बाईंनी बाटली टाकीत बुडवली.

"इथलं नको," मी म्हणाले, "टाकीत पडतं त्या वरच्या नळाचं घ्या. ते स्वच्छ आहे, शप्पथ."

"बाहेर जातं ते पाणी मला हवं," त्या म्हणाल्या. "आणि ते इथूनच जातं ना?"

"आज सकाळी टाकी धुतली हो. तेल काढायच्या द्रावणानं. म्हणून मेले मासे. यंत्रणेचा काही दोष नाही."

"म्हणजे ते द्रावण तसंच बाहेर गेलं." त्यांनी झाकण लावलं. "धुतली कोणी?"

बाबा स्टुलापाशी उभे होते. माझ्या या खटाटोपात आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून हात घातला होता.

"मी," मी म्हणाले.

बाई वाईट नव्हत्या. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की हे असं दिसल्यावर नाव कंपनीच्या यादीत ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा. पुढचं वर्ष! या महिन्यानंतर आमच्याकडे मुलामा चढवायला एक हँडल नसेल. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, हात जोडले, नको नको ते बोलले. त्यांची गाडी निघून गेली. कामगार दारात गोळा झाले होते, माझ्या तोंडाकडे बघत. मी मान खाली घालून त्यांच्यामधून आत आले.

बाबा साहेबांना टाकीतून बाहेर काढत होते. दोन्ही हातांच्या ओंजळीत, अलगद.

"मी एवढी चकचकीत केली होती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुला पुन्हा हात लावायची काय गरज होती? मीही त्याच द्रावणानं धुतली, पण वर चांगली बादलीभर पाण्यानं विसळली. तू विसळलीस तरी का?"

मी रिकामी बादली त्यांच्यासमोर धरली.

"माझ्या कामावर तुझा विश्वासच नाही. कधीच नव्हता." त्यांनी साहेबांना बादलीत ठेवलं. "आता या लोकांना काय सांगणार आहेस?"

"चुकलं, बाबा," मी म्हणाले.