बापाची सही

स्वागत सप्ताहाचा तिसरा दिवस होता. अडीचशे नव्या पोरापोरींनी भरलेल्या सभागृहात महेश्वरी मॅडमनी माईकवरून एकच नाव पुकारलं.

"अर्पिता बन्सीधर. उभी राहा."

मागच्या रांगेतली एक सडपातळ पोरगी उठली.

"वसतिगृहाच्या फॉर्मवर वडिलांची सही नाही. दोनदा सांगून झालं. सगळ्यांनी आणली, तुलाच काय वेगळा कायदा आहे?"

"आईची सही हाय की, मॅडम."

"मी वडिलांची म्हणाले."

"फॉर्मवर 'वडील किंवा पालक' छापलंय. वाचून बघा की एकदा."

आधी कुणीतरी एकटंच हसलं, मग अख्खं सभागृह हसलं. महेश्वरीनं हातातल्या कागदाकडं पाहिलं. छापलेलं होतंच. तो फॉर्म तिनंच टाईप केला होता.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही आली नाही तर खोली रिकामी करायची. बस खाली," ती म्हणाली. आवाज चिरकला, आणि माईकनं तो चिरकलेला आवाज पार भिंतीपर्यंत नेऊन पोचवला. पुन्हा हशा झाला.

परभणीजवळ पिंगळीच्या पुढं माळावर चार वर्षांपूर्वी उभं राहिलेलं ते खाजगी विद्यापीठ. महेश्वरी तिथं समुपदेशक होती. नव्या मुलांना वर्ग, वाचनालय, मेस, परीक्षा यांची ओळख करून द्यायची, घर आठवून रडणाऱ्यांना जवळ बसवून बोलतं करायचं, हे तिचं काम. ते तिला चांगलं जमायचंही. पण नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर, आणि करार संचालकांच्या मर्जीवर. मागच्या वर्षी तिनं एका मुलीच्या फॉर्मवर आईची सही चालवून घेतली होती. त्या मुलीचा बाप दहा माणसं घेऊन आला आणि संचालकांच्या टेबलावर हात आपटून गेला. संचालकांनी महेश्वरीला सगळ्या स्टाफसमोर झापलं आणि तोंडी हुकूम सोडला, यापुढं बापाचीच सही. लेखी काही दिलं नाही. सोनपेठच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना, चन्नप्पांना, तिनं त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पोरगी विद्यापीठात साहेब आहे, एवढंच ते गिऱ्हाइकांना सांगत.

गुरुवारी सकाळी अर्पिताची आई आली. राणीसावरगावहून दोन एसट्या बदलून. तानुबाई तिचं नाव, गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. खुर्ची पुढं केली तरी ती बसली नाही.

"काय कमी पडलं माझ्या सहीत?"

"ताई, नियम आहे. मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून तीन महिने आहेत. वडील हयात आहेत ना?"

"हायत. गंगाखेडला राहतेत, दुसरा संसार करून. नऊ वर्सं झाली. ह्या नऊ वर्सांत शाळेच्या कागदावर, दवाखान्याच्या कागदावर, रेशनच्या कागदावर माझंच दस्कत चाललं. तुमच्याच खोलीला चालंना व्हय?"

"मला वाद घालायचा नाही. एक सही आणायची, त्यात एवढं काय आहे?"

"एवढं काय हाय ते मी तुमाला कायला सांगू? तुमी माझ्या कोण?" तानुबाईचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरची पोरं आत डोकावू लागली. "एकच सांगते. ही जागा त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. बाकी मी वरच्या सायबाला भेटते."

"भेटा की! तेही हेच सांगतील."

"पोरगी बरोबर बोलली तुमाला. शिकून बी वाचता येईना."

ती निघून गेली. संचालक परभणीला बैठकीला गेलेले, त्यामुळं तिची भेट झाली नाही आणि ती दुपारच्या गाडीनं परतली. महेश्वरीनं डबा उघडला, तसाच मिटला. आईनंही तेच ऐकवलं, पोरांच्या देखत. अर्पिताच्या फायलीत अकरावीच्या कॉलेजचा जुना अर्ज होता, त्यावर वडिलांच्या नावापुढं मोबाईल नंबर होता. जाऊ देऊ नका, असं ती बाई म्हणाली होती. नवराबायकोचं भांडण असेल, महेश्वरीनं स्वतःला सांगितलं. पण नंबर दाबताना तिच्या मनात भांडण नव्हतं, नियमही नव्हता. पोरीची मान खाली गेलेली तिला बघायची होती.

बन्सीधर शुक्रवारी सकाळी दहालाच हजर झाला. पांढरे कडक कपडे, कपाळाला बुक्का, हातात पेढ्यांचा पुडा.

"ताई, तुमचे लय उपकार. लेकरू कुठं शिकायलंय हे बापाला मालूम न्हाई, आता काय बोलावं?" असं म्हणून त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि सुरेख अक्षरात सही केली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, खोली कोणती, गेट कधी उघडतं, सुट्टीच्या दिवशी कोण असतं. महेश्वरीनं सगळं सांगितलं. इतका नरमाईनं बोलणारा माणूस त्या आठवड्यात तिला दुसरा भेटला नव्हता.

तेवढ्यात अर्पिता जिन्यावरून खाली येत होती. बापाला बघून ती पायरीवरच थांबली. तिची मान खाली गेली नाही. तिनं एकदा बापाकडं पाहिलं, मग बराच वेळ महेश्वरीकडं, आणि पुन्हा वर गेली. महेश्वरीला जे बघायचं होतं ते झालं नाही, आणि जे झालं ते तिला दिवसभर खुपत राहिलं.

रविवारी सकाळी वसतिगृहाच्या गेटवरून चौकीदार सितारामचा फोन आला. "मॅडम, जीप आलीय. चार माणसं हायत. पोरीला न्यायलेत."

महेश्वरी शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायची. ती चपला अडकवून धावली. बन्सीधर गेटच्या आत येऊन उभा होता, मागं दोन दांडगे गडी आणि एक वयस्कर बाई, त्याची बहीण. अर्पिता खोलीला आतून कडी लावून बसली होती.

"दोन दिवस घरी नेतो ताई. पूजा हाय," बन्सीधर म्हणाला.

"मुलगी नाही म्हणतेय. आणि तिच्या आईला विचारावं लागेल."

"आईला कायला? सही कुणाची हाय? तुमीच मागितली ना?"

बहीण मधेच कावली. "कायला बोलत बसलास रे? पावनी येऊन बसलीत. आज कुंकू लावून उद्या सकाळी उरकायचं ठरलंय, आन् हितंच..."

"गप!" बन्सीधर तिच्यावर ओरडला. पण महेश्वरीनं ऐकलं होतं. तानुबाईनं काय सांगायचं टाळलं होतं ते तिला आता कळलं.

तिनं संचालकांना फोन लावला. ते झोपेतून उठले होते. "बाप आहे, सही आहे, जाऊ द्या. तमाशा नको मला रविवारी."

"सर, लग्न लावतायत तिचं. अठरा पूर्ण नाहीत."

"आपण काही ऐकलेलं नाही. समजलं?"

महेश्वरीनं फोन बंद केला आणि बाल हेल्पलाईनचा नंबर लावला, मग पोलिसांचा. दोन्हीकडं पत्ता सांगितला, मुलीचं वय सांगितलं, बन्सीधर ऐकत असतानाच. मग जिन्याचं लोखंडी दार ओढून घेऊन कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली.

बन्सीधरचं ताई-ताई तिथंच संपलं. "ए, किल्ली दे."

"देणार नाही."

"परवा गोड बोलून बोलावलंस, आन् आता मला कायदा शिकवायलीस?" त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. मूठ सुटेना तशी दुसऱ्या हातानं तिच्या कानाखाली लगावली. ती दारावर आपटली, ओठ फुटला. सितारामनं काठी आडवी घातली, गडी त्याच्या अंगावर गेले. वरच्या गॅलरीत पोरी जमल्या होत्या. त्यांनी ओरडून माळ डोक्यावर घेतला, कुणी मोबाईल काढले, कुणी वरून बादली फेकली. गडी बिचकले. बन्सीधर मात्र शिव्या देत दाराला लाथा घालत राहिला. पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागला. महेश्वरी तेवढा वेळ दाराला पाठ लावून उभी होती.

त्याला ठाण्यात नेलं. बालकल्याणवाले आले, अर्पिताचा जबाब घेतला, लग्न लावणार नाही असं बन्सीधरकडून आणि मुलाकडच्या पाहुण्यांकडून लेखी घेतलं. मारहाणीचा गुन्हा वेगळा नोंदवला.

सोमवारी संचालकांनी चौकशी ठेवली. तानुबाई आणि अर्पिता एका बाजूला, ओठाला टाका पडलेली महेश्वरी दुसऱ्या बाजूला. वसतिगृहासाठी आईचीच सही ग्राह्य धरावी, असं बालकल्याणच्या बाईंनी सकाळीच लेखी कळवलं होतं, त्यामुळं खोलीचा प्रश्न उरला नव्हता.

"वडील स्वतःहून आले, असं लिहा," संचालकांनी महेश्वरीपुढं कागद सरकवला. "म्हणजे विषय संपला. आणि मी तोंडी वगैरे काही सांगितल्याचं मला आठवत नाही."

"सोताहून?" अर्पिता उसळली. "नऊ वर्सं त्याला आमचा पत्ता लागला न्हाई. बोलावलं कुणी त्याला?"

"मुली, मॅडमनी तुझ्यासाठी मार खाल्लाय."

"मी सांगितलं होतं व्हय खायला? पोलीस आले नसते तर मी आज कुठं असते?"

तानुबाई टेबलापाशी आली. तिनं तो कागद महेश्वरीकडं आणखी ढकलला. "लिवा. खरं काय ते लिवा. माझ्या फुडं."

महेश्वरीनं लिहिलं. फोन मी केला. आईने नको म्हणून बजावलं होतं, तरी केला. मुलगी सर्वांसमोर बोलली त्याचा मला राग होता. वडिलांची सही लागते असा कुठेही लेखी नियम नाही, तसा तोंडी आदेश मला संचालकांनी दिला होता. शेवटचं वाक्य वाचून संचालकांचा चेहरा लाल झाला.

"करार महिनाअखेर संपतोय तुमचा," ते म्हणाले. "वाढवायचा की नाही, ते आता विचारायची गरज राहिली नाही."

बाहेर आल्यावर महेश्वरी तानुबाईच्या मागं चार पावलं गेली. "ताई, माझं चुकलं."

"चुकलंच," तानुबाई म्हणाली. न थांबता ती एसटीच्या थांब्याकडं निघून गेली.

महिनाअखेरच्या दिवशी महेश्वरीनं कपाटाची किल्ली कार्यालयात जमा केली. सोनपेठला वडिलांना काय सांगायचं हे अजून ठरत नव्हतं. पिशवी घेऊन निघाली तर जिन्यापाशी अर्पिता समोर आली, छातीशी वह्या धरून.

"जायलाव का मॅडम?"

"हो."

"बरं झालं," अर्पिता म्हणाली, आणि तासाला उशीर व्हायला लागल्यामुळं दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली.