सुताची वेणी

बोटीचं इंजन, अन् तेही केळझरात, जिथं कोनी बोट पाह्यली नाई! सारं गाव पोट धरून हासलं. आमच्या घरच्याहिनं (नवऱ्याचं नाव मी घेत नाई, गाव त्याहिले रूपराव म्हनते) चौपन्न साली ते कामठीच्या लष्करी लिलावातून आनलं. पट्टा जोडला, चक्की लावली, अन् हासनारेच ज्वारीचे गाठोडे घेऊन रांगेत उभे राह्यले. आता हासा म्हनलं!

मले तं त्या इंजनाचा लळाच लागलता. लग्न होऊन आली तवापासून पहाटे उठून जातं ओढलं. तळहाताले फोड येत, फुटत, पुन्हा येत. चक्की आली अन् जातं कोपऱ्यात गेलं. म्हनून इंजन तापून बंद पडू लागलं, तवा मले कोपऱ्यातलं जातंच दिसू लागलं.

त्याचं असं हाय का, त्याले सारखं गार पानी लागते. बाजूच्या हौदातून एक छोटा पंप पानी ओढते अन् इंजनाच्या अंगातून फिरवते. पंपाचा दांडा जिथून आत जाते, तिथं एक मोठा नट, अन् नटाखाली दोरीचे वेढे ठासलेले. ते वेढे झिजले. पंप हवा ओढू लागला, पानी येईना.

सिंदीहून लक्ष्मणराव मिस्त्री आले. त्याहिनं सुतळी ठासली, नट कचकून आवळला. "एक थेंब गळनार नाई," म्हने. नाईच गळला. पाव घंट्यात धूर निघाला.

"रूपराव, हे पान्यातलं जनावर हाय, जमिनीवर नाई जगत," मिस्त्री म्हनले. "सोमवारी बैलबंडी आनतो. भंगारात देऊन टाका."

अन् घरचे चक्क "बरं" म्हनले! असा राग आला का काय सांगू.

"मी खोलून पाहू का?" म्या इचारलं.

"तो पाना हाय वं, उलथनं नाई," घरचे म्हनाले, अन् पाना खुंटीले अडकवला.

शनिवारी ते सिंदीले गेले. सोमवारी मिस्त्रीसंगच बंडीतून येनार होते. त्याहिची पाठ वळली अन् म्या पाना काढला. सोबतीले रामबाई होती, हिंगणीकडच्या जंगलातली गोंड बाई. तिचं दळन दोन दिवसांपासून खोळंबलं होतं.

नट खोलला. आत सुतळीचा कोळसा. अशी खरबरीत सुतळी फिरत्या दांड्याले घासन, तं जळनार नाई तं काय होईन!

माह्या घरी काय कमी होतं? चरख्यावर रोज सूत काततो मी. बारीक सूत घेतलं अन् पोरीच्या केसांची घालतो तशी तिपेडी वेणी घातली, घट्ट. रामबाईनं मधाचं मेन दिलं. ते एरंडीच्या तेलात वितळवून वेणी त्यात बुडवली. दांड्याच्या मापानं तुकडे कापले अन् एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ न देता ठासले. नट आवळला, मिस्त्रीसारखाच. रामबाईनं हँडल मारलं.

थेंब गळत नव्हता. नटाले हात लावला, तं चटका!

"अवं माय, हेही गेलं!" इंजन बंद केलं अन् मी रडतच खाली बसली.

रामबाई शांत. "जात्यात पीठ तापू लागलं, तं काय करतो वं आपन?"

"वरचा दगड जरासा उचलतो."

बोलली अन् मी ताडकन उठली. दांडा गार होऊ दिला, नट पाव फेरा ढिला केला, अन् पुन्हा हँडल मारलं. टप. जरा वेळानं पुन्हा टप. डोक्यावर घागरी वाहून पानी आनतो आमी. गळतं ठेवाची लाज वाटते. म्हनून मिस्त्रीनं थेंब बंद केला, म्याही केला. अन् तो थेंबच दांडा गार ठेवत होता! खाली लोटा ठेवला. भरला का हौदात रिकामा. इंजन दिवसभर चाललं.

सोमवारी बंडी दारात थांबली, तं चक्की गरगर फिरून राह्यलती, बाया रांगेत, अन् मी पिठानं पांढरी, हाती पाना. मिस्त्री वाकले.

"अरे, हे तं गळून राह्यलं!" अन् त्याहिनं थैलीतून पाना काढला.

"हात लावू नोका!" मी ओरडली. "थेंब थांबला का इंजन थांबलं. आत सुताची वेणी हाय, माह्या हातची."

मिस्त्रीनं नटावर बोट टेकवलं. गार. पुन्हा टेकवलं.

"कोनं शिकवलं, बाई?"

"जात्यानं."

रामबाई सगळ्यात मोठ्यानं हासली. घरचे पुढं आले. त्याहिनं माह्या हातातला पाना घेतला. मले वाटलं, गेला आता खुंटीले. त्याहिनं तो धोतराच्या सोग्यानं पुसला अन् साऱ्या बायांसमोर परत माह्या हाती दिला.

"लक्ष्मणराव," ते म्हनाले, "बंडी आनली हाय तं रामबाईचं पीठ हिंगणीले पोचवून द्या. अन् इंजनाचं काही असन, तं मले नका इचारू. आमच्या मिस्त्रीनबाईले इचारा."