बिऱ्हाड डावीकडे ओढतं

बाबा गेल्यापासून बिऱ्हाड डावीकडे ओढत होतं.

बिऱ्हाड म्हणजे त्यांची मोटरहोम. नाव बाबांनीच ठेवलेलं. आत दोन अरुंद पलंग, एक शेगडी, वाटीएवढं बेसिन, दोन्ही अंगांना खिडक्यांखाली कपाटांची रांग, आणि पुढे दोन सीटा. उजवीकडची बाबांची, डावीकडची आईची. बाबा निवृत्त झाल्यापासून दोघं घरात कमी आणि बिऱ्हाडात जास्त असत. लेकीने फोन केला की आई म्हणायची, आम्ही एका तळ्याच्या काठी आहोत. मागून बाबांचा आवाज यायचा, तळं कसलं, डबकं आहे, तुझी आई काहीही सांगते.

आता स्टिअरिंग लेकीच्या हाती आलं होतं. सरळ रस्त्यावर हात जरा सैल सोडले की बिऱ्हाड झोपेत कूस बदलल्यासारखं हळूच डाव्या अंगाला सरकायचं. तिकडे पाण्याची चारी होती आणि चारीपलीकडे उंच गवत. ओढ मोठी नव्हती, पण थांबत नव्हती. दुपारच्या उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत असे, मागे हुकांना टांगलेले कप एकमेकांना टेकत असत, आणि लेकीला क्षणभर वाटे, सोडून द्यावं, कुठे नेतंय ते बघावं तरी. मग आईने दाराची कडी घट्ट धरलेली दिसे, आणि ती स्टिअरिंग उजवीकडे ओढून घेई.

आईने आपल्यापुरतं कारण शोधून ठेवलं होतं. "त्याला ह्यांच्याशिवाय जायचं नाहीये," ती म्हणाली. "उगाच जबरदस्ती करू नकोस."

एक जोडपं गाडी बघून गेलं होतं. दोघंही शिक्षक, दोघांनाही ती आवडलेली. शनिवारपर्यंत त्यांना निरोप द्यायचा होता. मायलेकींनी आपसात ठरवलं की बिऱ्हाड सरळ चाललं तर ठेवायचं, नाही तर शिक्षकांना देऊन टाकायचं. लेकीने ही अट चटकन मान्य केली, कारण तिला ते द्यायचं नव्हतं, आणि तसं आईला तोंडावर सांगणं तिला जमत नव्हतं. गाडीनेच सांगितलं म्हणजे कुणाचंच मन मोडणार नाही, असा तिचा हिशेब होता. उजवीकडची, बाबांची कपाटं तिने अजून उघडली नव्हती. तो मान आईचा, असं ती मनाशी म्हणे. आईही ती उघडत नसे, निदान तिच्यासमोर तरी नाही.

चाकं सरळ करून देणाऱ्या पहिल्या दुकानाची फरशी इतकी चकचकीत होती की चिखलाची चाकं तिच्यावर न्यायला लेकीलाच संकोच वाटला. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बदलायच्या सुट्या भागांची नावं लग्नाच्या आमंत्रणात घ्यावीत तशी एकापाठोपाठ एक घेतली, कुणी राहायला नको अशी. स्टिअरिंगला त्याने हातही लावला नाही. दुसऱ्या दुकानात सगळे फार गोड बोलत. त्यांच्या यंत्राचे रूळ मात्र छोट्या मोटारींच्या मापाचे होते. बिऱ्हाडाची मागची चाकं बाहेरच राहिली, आणि तरी झालं म्हणून त्यांनी किल्ली हातात ठेवली. परतीच्या वाटेवर चारी पुन्हा तशीच जवळ येऊ लागली. आई खिडकीतून गवताकडे बघत होती. तिने टोमणा मारला असता तर बरं, असं लेकीला वाटलं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी आयुष्यभर रुग्णवाहिका चालवली होती. जिन्यात भेटले तेव्हा लेकीने त्यांना विचारलं, की खात्रीचं दुकान ओळखायचं कसं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे उत्तर लांबणार होतं. मागे झोपलेल्या माणसाला रस्त्याची रेघ न् रेघ लागते, तेव्हा या बाबतीत आपण फार चिकित्सक, असं सांगून झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"जो आधी चालवून बघेल त्याच्याकडे जा. न चालवता जो पाना हातात घेतो, त्याला गाडीशी काही घेणंदेणं नाही."

मग त्यांनी पत्ता सांगितला. भाजीच्या गोदामांच्या मागे, जिथे पाण्याचे टँकर आणि अग्निशमनच्या गाड्या चाकं सरळ करून घ्यायला येतात. नणंद-भावजय मिळून चालवतात. दोघींचं पटत नाही, पण चाकांच्या बाबतीत एकमत असतं.

शुक्रवारी सकाळी दोघी तिथे पोचल्या. लांबच लांब पत्र्याची शेड, एका टोकाला मोठं दार, दुसऱ्या टोकाला चुना मारलेली आंधळी भिंत. वरच्या फटींतून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी खाली आला होता आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती. नणंद यंत्रापाशी उभी होती. भावजय गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात होती. लग्न झाल्या दिवसापासून हीच व्यवस्था आहे, असं खड्ड्यातून तिने आपणहून सांगितलं. नणंद म्हणाली, तिकडे लक्ष देऊ नका, खाली गारवा असतो म्हणून ती वर येत नाही.

नणंदेने किल्ली मागितली, दोघींना आत बसवलं आणि गाडी गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर घातली. अर्ध्यावर तिने स्टिअरिंग सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. आईने डोळे मिटून घेतले. बिऱ्हाड नेहमीच्या त्या झोपाळू सवयीने कडेला सरकू लागलं, गवताची पाती काचेला घासली, तेव्हा कुठे नणंदेने स्टिअरिंग धरलं. "ओढतंय खरं," एवढंच म्हणून तिने गाडी वळवली. लेकीला उगीच भरून आलं. इतक्या दिवसांत कुणीतरी ते तिच्यासारखंच अनुभवलं होतं.

शेडमध्ये आधी हवा तपासून झाली. ती चारही चाकांत बरोबर होती. भावजयीने खालून सांगितलं की मोडलेलं, झिजलेलं काही नाही. नणंद गाडीच्या मागे जाऊन बराच वेळ नुसती बघत राहिली.

"एका अंगावर कललीय," ती म्हणाली. "सामान कसं लावलंय?"

तिने समजावून सांगितलं, की त्यांच्याकडे गाडी प्रवासाला जाते तशीच मापतात. भांडी, पाणी, पांघरुणं, सगळ्यासकट. रिकामी मापली तर माप खोटं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर चाकं कितीही सरळ करा, ओढ राहणारच. बोलता बोलता ती पायरी चढून आत गेलीही. डावीकडची कपाटं आईची. त्यात पातेली, बरण्या, लोकरीचे गुंडे, दुलया आणि हाताने फिरवायचं शिलाई मशीन ठासून भरलेलं होतं. मग ती उजवीकडे वळली. राहू द्या, असं लेक म्हणेपर्यंत पहिलं दार उघडलं होतं.

आत काही नव्हतं. तळाला अंथरलेल्या कागदावर तेलाच्या डब्याचा गोल वळ तेवढा होता. दुसरं कपाट रिकामं, तिसरंही. बाबांची हत्यारांची पेटी, जॅक, दुर्बीण, नदीनदीतून उचललेले आणि कधी कुणाला हात लावू न दिलेले ते जड गुळगुळीत गोटे, काहीच नाही.

"काय निघालं गं?" खालून भावजयीने विचारलं.

"काही नाही," नणंद म्हणाली आणि खाली उतरली.

लेक आईकडे बघत राहिली. चोरी झाली, हा पहिला विचार. पण आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मी नेलं घरी," आई म्हणाली. "बाजारच्या पिशवीतून. थोडं थोडं."

"गोटे?"

"गोटे पण. पलंगाखाली आहेत माझ्या."

"आणि जॅक?"

"जॅक दोन्ही हातांनी उचलावा लागला," आई म्हणाली. त्यात थोडा अभिमानही होता.

लेकीला हसू आलं. आई पलंगाच्या कडेवर बसली. पदराने तिने कपाटाच्या दारावरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

"शेवटी दवाखान्यात रोज म्हणायचे, मला घरी ने. रोज. मी म्हणायची, उद्या नेते. ह्यांना नाही आणता आलं. मग जे आणता आलं ते आणलं."

शेडच्या फटीतली उजेडाची पट्टी खिडकीतून आत येऊन रिकाम्या कपाटात पोचली होती. लेक आईशेजारी बसली. आपण ती कपाटं उघडत नव्हतो, तेव्हा आई ती रिकामी करत होती, आणि दोघींना वाटत होतं की आपण दुसरीला जपतोय. एक अख्खा माणूस एका बाजूने कमी झाला होता, आणि बिऱ्हाड तेवढंच सांगत होतं.

नणंदेने बाहेरून काचेवर बोट वाजवलं. तिचा आवाज आता जरा हळू होता, पण प्रश्न कामाचाच. उजव्या बाजूला पुढे काय असणार आहे, ते तिला हवं होतं. सामान परत येणार असेल तर तिच्याकडे वाळूच्या पिशव्या आहेत, त्या तेवढ्या वजनाच्या ठेवून माप घेता येईल. गाडी विकायची असेल तर तसं सांगा, सगळं उतरवून रिकामी मापून देते, पुढचा माणूस पुढचं बघेल. दोन्हींतलं एक ठरवा, असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

लेक बोलायला तोंड उघडत होती. तिला म्हणायचं होतं की विकायचं नाही. ते एवढं सोपं वाक्य होतं. पण आई उठून डावीकडच्या कपाटापाशी गेली होती.

"ते सामान आता घरातून हलायचं नाही," आई म्हणाली. "दमलंय ते." मग तिने शिलाई मशीनला हात घातला. "धर गं दुसऱ्या बाजूने. अशी बघत काय उभी राहिलीस?"

दोघींनी मशीन उचलून पलीकडे ठेवलं. त्यामागून दुलया गेल्या, मोठी पातेली गेली, निम्म्या बरण्या गेल्या. बाबांच्या कपाटात बरणी ठेवताना आई दरवेळी जरा थबकत होती, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकावं तशी. "ह्यांनी बघितलं असतं तर अतिक्रमण म्हणाले असते," ती म्हणाली. "अर्जच केला असता माझ्याविरुद्ध." ड्रायव्हरच्या सीटमागचं शेवटचं कपाट तिने मोकळं ठेवलं आणि त्याचं दार उघडंच सोडलं.

"हे तुझं. काय ठेवशील?"

लेकीने हा विचारच केला नव्हता. आपण चालवणार, एवढंच तिने धरलं होतं. आपलं म्हणून इथे काही ठेवायचं असतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पुस्तकं," ती म्हणाली.

"पुस्तकं किती? वजन सांगावं लागेल बाईंना."

"भरपूर."

भावजय खड्ड्यातून वर आली, पुस्तकं जड असतात असं आपल्याला माहीत असल्याचं तिने सांगितलं, आणि वाळूची एक पिशवी त्या कपाटात पुस्तकांच्या जागी ठेवून दिली. पिशवी ठेवताना नणंदेकडे बघून ती म्हणाली की काही घरांत सुनांनाही असंच कपाट मिळतं म्हणे. नणंद म्हणाली, खड्डा दिलाय की अख्खा.

मग त्यांनी मायलेकींना पुढे बसायला सांगितलं. प्रवासात जशा बसता तशाच, आणि माप होईपर्यंत हलायचं नाही.

दोघी बसल्या. समोर काच आणि काचेपलीकडे पांढरी भिंत. चाकांखालच्या, यंत्राच्या थाळ्या फिरल्या की बिऱ्हाड किंचित डोलायचं, पाण्यावर बांधून ठेवलेल्या होडीसारखं. मागे कप टेकल्याचे बारीक आवाज येत होते. बघता बघता भिंतीचं भिंतपण गेलं, आणि पहाटेच्या धुक्यात पुढचा रस्ता दिसत नसताना गाडी हळूहळू जावी तसं वाटू लागलं. कुठे पोचायचं नव्हतं. लेकीचे हात स्टिअरिंगवर होते आणि बऱ्याच दिवसांनी ते काही ओढून धरत नव्हते. शेजारी आईचा श्वास संथ चालला होता. तिला झोप लागली असावी असं लेकीला वाटलं.

"त्या शिक्षकांना आजच फोन कर," आई म्हणाली. तिची नजर समोरच होती. "बिचारे वाट बघत असतील. उद्यापर्यंत ताटकळत ठेवू नकोस."

"काय सांगू त्यांना?"



"सांग की माप घेऊन झालंय. आता आतली माणसं बदलता येणार नाहीत."

लेकीला मान वळवून तिच्याकडे बघायचं होतं. तेवढ्यात खालून भावजयीचा आवाज आला, हलू नका हं, अजून एक चाक राहिलंय. दोघी समोर बघत तशाच बसून राहिल्या.