आठ ढेपा

शंकरराव आप्पांच्या पंचाहत्तरीला गूळतुला करायची, ही टूम त्यांच्या पुतण्याची, विक्रमची. बावीस वर्षं मी आप्पांची गाडी चालवतोय. उन्हाळ्यापासून ते दर पंधरा दिवसांनी पुण्याला कशाला जातात, हे मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. घरचे समजायचे, मीटिंग. मीटिंग कसली, हाताला सलाईन लावून पडलेले असायचे. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं सांगितलं, तेव्हा बाहेर येऊन आप्पांनी मला एवढंच विचारलं, "विन्या, तोंड गप ठिवता येतं न्हवं तुला?"

साठीला आप्पा तराजूत बसले तेव्हा समोर नऊ ढेपा लागल्या होत्या. एक ढेप दहा किलोची. आता जाकिटाआडचे आप्पा जेमतेम सहा ढेपांचे उरले होते. आमच्याकडे लोक भाषणं विसरतात, ढेपांचा आकडा विसरत नाहीत. जिल्हा परिषदेचं तिकीट तोंडावर आलेलं. आधी सरपंच, मग सभापती, मग सदस्य, अशी चाळीस वर्षं काढलेला माणूस खंगलाय, एवढं दिसलं की तिकीट विक्रमच्या खिशात. त्याला संशय होता, खात्री करायची होती. हार घालून माणूस संपवायचा आणि वर पेढे वाटायचे, हे आमच्या पुढाऱ्यांना फार छान जमतं.

"गूळतुला नको म्हना की सरळ," मी म्हणालो.

"नको म्हनलो की कळलंच समद्यांना." आप्पा म्हणाले. "कारेगावात तुजा मेव्हना लेथवर हाय ना? लोखंडाच्या पट्ट्या करून आन त्याच्याकडनं."

मेव्हण्यानं कॅनव्हासचा पट्टा शिवून त्यात पट्ट्या बसवल्या. वीस किलो. सोहळ्याच्या दिवशी सकाळी दार लावून मीच तो आप्पांच्या कमरेला बांधला. बकल पाठीमागं होतं, त्यांचा हात तिथं पोचत नव्हता. वर झब्बा, त्यावर जाकीट. आरशात बघून आप्पा हसले. जुने आप्पा दिसले मला.

इनामगावला घोडनदीच्या काठावर मांडव पडला होता. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतून माणसं आलेली. तराजू आणि गूळ खुटबावच्या गुऱ्हाळातून आणलेला. आप्पा पारड्यात बसले. विक्रम स्वतः एकेक ढेप समोर ठेवत होता, लोक मोठ्यानं मोजत होते. सहा झाल्या. त्यानं काट्याकडे पाहिलं, पारडं हललं नाही. सात. आठवीला दोन्ही पारडी बरोबर झाली आणि हलगी वाजायला लागली. विक्रमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग तो शाल घेऊन पुढे आला. आप्पांना पांघरली, मिठी मारली. त्याचा हात आप्पांच्या कमरेवर आला आणि थांबला. बोटानं त्यानं हळूच टकटक केलं. मान वर करून गर्दीत मला शोधलं आणि हसला.

"आता जलपूजन!" त्यानं माईक घेतला. "बंधारा तुडुंब भरलाय. यंदा आप्पा नदीच्या मधोमध जाऊन साडी-चोळी सोडनार!"

पत्रिकेत हे नव्हतं. दरवर्षी आप्पा काठावरच्या पायरीवर उभे राहून नारळ सोडायचे. आज खाली मासेमारीची एक अरुंद होडी आणून लावली होती. दोघांनाच बसता येईल एवढी. वल्हं विक्रमच्याच हातात. पाण्यात तरंगायचं नारिंगी जाकीट एकच होतं, ते त्यानं स्वतः चढवलं.

"मला पवता येत न्हाई," तो म्हणाला, लोक हसले. "आप्पांना काय गरज? पुरात घोड पार केलीय त्यांनी!"

पुन्हा टाळ्या. आप्पांना दोन्हीकडून धरून माणसं पायऱ्या उतरवत होती. मी गर्दीत घुसलो, कुणाच्या तरी पायावर पाय पडला, शिव्या खाल्ल्या. ओरडलो तर चाळीस वर्षांची अब्रू मीच पाण्यात घालणार होतो. आणि गप्प राहिलो तर आप्पांनाच.

"आप्पा, पट्टा! कमरंचा पट्टा सोडू द्या आधी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पाही वळले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग विक्रमकडे, मग त्या नारिंगी जाकिटाकडे. त्यांना सगळं कळलं होतं. बावीस वर्षं गाडीच्या आरशात पाहिलेला चेहरा आहे तो, मला कळणार नाही?

"कसला पट्टा?" आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "विनोद, गाडीत जाऊन बस."

त्यांनी मला विनोद म्हणून कधी हाक मारली नव्हती.

विक्रमनं हात पुढे केला, आप्पांनी तो धरला आणि होडीत पाय ठेवला. होडी त्यांच्या बाजूला कलली. गर्दीतल्या दोघांनी जोर लावून मला मागं ओढलं. काठावरची माणसं हात हलवत होती, आप्पाही हलवत होते, आणि विक्रम सावकाश वल्हं मारत मध्याकडे चालला होता. सकाळी ते बकल लावताना, सैल पडू नये म्हणून, मी एक भोक जास्तच ओढलं होतं.