वानरांचा वाटा

माझी आई सात वर्षं ऋषिपंचमीला उपाशी राहिली, याला कारण बैल. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही असा नियम आहे. नांगरटीचं चालत नाही. परसात हाताने खणून, हाताने लावून जे येईल त्याचीच भाजी खायची. गावी मालवणकडे परसू होतं, तेव्हा अडचण नव्हती. वडील गेल्यावर मी तिला लालबागच्या चाळीत आणली, आणि तिथे परसाच्या जागी दुसरी चाळ होती. शेजारणी बाजारातून ‘ऋषीची भाजी’ म्हणून वाटा आणत आणि भाजीवालीच्या शब्दावर जेवत.

आई म्हणायची, “तिना बैलाक इचारल्यान काय?”

आणि पाणी पिऊन झोपायची. सातव्या वर्षी ती नळावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात रिकाम्या पोटी राहणं बरं नाही, पुन्हा पडल्या तर उठतीलच असं नाही. मी ते जरा सौम्य करून आईला सांगितलं. ती म्हणाली, “भाजी दी, खातंय.”

म्हणून पंचावन्न साली आम्ही बोरिवलीला आलो. ऑफिसात मी ‘मोकळी हवा’ असं कारण दिलं. खरं कारण पंधरा भेंड्या आणि दोन पडवळं हे होतं, पण असं कोणी ऑफिसात सांगत नाही.

घर दोन खोल्यांचं, मागे न्हाणी, आणि न्हाणीपर्यंत परसू. मी आयुष्यात पेनपेक्षा जड काही उचललं नव्हतं, तरी सगळं परसू कुदळीने खणलं. आई पायरीवर बसून देखरेख करायची. शेणखत आणतो म्हटलं तर ते गाईचं की बैलाचं, असा प्रश्न निघाला. शेणावर नाव नसतं. मग मी घमेल्याने झाडांखालचा पाचोळा वाहिला. बी आईने गावाहून चिंधीत बांधून आणलेलं होतं. भेंडी, पडवळ, शिराळी, लाल माठ, मका, भोपळा, सगळं लावलं आणि सगळं उगवलं. माझी बायको कुंदा हिला याचं फार आश्चर्य वाटलं. मला तिच्या आश्चर्याचं वाईट वाटलं.

श्रावणात कान्हेरीच्या डोंगरातून वानरं आली.

भुकेचं मी समजू शकतो. पण ही वानरं प्रत्येक भेंडीचा एक चावा घेऊन ती टाकून देत. पसंत पडत नव्हती तर पुढच्या भेंडीला हात कशाला लावायचा? पडवळ तर एकाने गळ्यात घालून नेलं. दगड मारायची सोय नव्हती, कारण आईच्या मते तो मारुती. कुंदाने रॉकेलचा रिकामा डबा बडवायला घेतला. चार दिवस वानरं पळाली. पाचव्या दिवशी डबा वाजला की येऊ लागली. भाजी तयार झाल्याची ही वर्दी आहे अशी त्यांची समजूत झाली असावी.

पंचमी तीन आठवड्यांवर आली होती. मी ऑफिसात बेरजा चुकू लागलो. आई नळाजवळ पडलेली मला सारखी दिसायची.

नारळी पौर्णिमेला आई चार दिवस कांदिवलीला माझ्या बहिणीकडे गेली. ती संधी साधून मी काशीरामला गाठलं. काशीराम डोंगरातून लाकूड-गवत आणून विकायचा. बोरिवलीत दुसरं काही मिळो न मिळो, बोरीचे काटे मिळतात. त्याने गाडीभर फांद्या आणल्या आणि गाडी थेट परसात घातली.

“नुसतं कुंपण करून काय फायदा, साहेब?” तो म्हणाला. “वानर काय गेट उघडून येतंय? वेलांच्या मांडवावर पण टाका.”

आम्ही मांडवावरही काटे टाकले. न्हाणीमागच्या तुकड्याला मात्र ते पुरले नाहीत. तिथे सांडपाण्यावर आपोआप आलेलं अळू होतं आणि भोपळ्याचा एक वेल. तेवढा वानरांचा वाटा, असं ठरवून मी विषय मिटवला.

आई परत आली आणि कुंपण बघून म्हणाली, “बरा केलंस.” माझी आई मला ‘बरं केलंस’ म्हणाली ती मॅट्रिकनंतर तेव्हाच. वानरं दोन दिवस कौलांवर बसून कुंपणाकडे बघत राहिली. माझी त्यांच्याशी नजरानजर झाली तेव्हा मी नजर वळवली नाही.

आमचा गणपती गावी, काकांकडे. मुंबईत आमची नुसती पंचमी. त्या दिवशी मी रजा काढली. आईने आघाड्याच्या काड्यांनी दात घासले, आंघोळ केली आणि सूप घेऊन परसात गेली. भेंड्या लटकलेल्या होत्या, पडवळं हातभर झाली होती. मी पायरीवर पाय पसरून बसलो होतो. इतका समाधानी मी त्यापूर्वी कधी नव्हतो.

ती परत आली तेव्हा सूप भरलेलं होतं आणि वर एक पितळी घुंगूर होतं.

“ह्यां खंयचां?”

घुंगूर बैलाच्या गळ्यातलं होतं. काट्यात अडकून पडलं असणार. मी कुंदाकडे बघितलं, कुंदाने माझ्याकडे. तीन माणसांच्या घरात दोघांना एकाच वेळी अक्कल आली.

“बकरीचं असेल,” कुंदा म्हणाली.

“एवढी मोठी बकरी?” आईने माझ्याकडे वळून विचारलं, “काटे कशातसून हाडलंस, जयवंता?”

खोटं बोलणं सोपं होतं. डोक्यावरून आणले म्हटलं असतं तर तिने मानलं असतं आणि ती जेवली असती. पण सात वर्षं जी बाई भाजीवालीच्या शब्दावर जेवली नाही, ती माझ्या शब्दावर जेवणार होती. माझ्याच्याने होईना.

“बैलगाडीतून,” मी म्हणालो.

“पण आई, पिकवलंय हातानेच ना!” कुंदा कळवळून म्हणाली.

“राखूक लागलोच मां बैल?” आईने सूप खाली ठेवलं. “जेचे श्रम, तेका दी.” आणि ती तांब्याभर पाणी घेऊन आत जाऊन आडवी झाली.

मी टोपली भरून काशीरामकडे नेली. बैलांनी पडवळ खाल्लं. भेंडी एकाने हुंगली आणि सोडून दिली. परसातली भेंडी कोणालाच मनापासून आवडत नव्हती असं दिसतं.

घरी येईपर्यंत बारा वाजले होते. आईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ कोरडे पडले होते. मला माझ्या हुशारीचा इतका संताप आला की मी न्हाणीमागे जाऊन उभा राहिलो, कारण घरात रडायला जागा नव्हती. तिथे अळू कमरेएवढं वाढलं होतं. त्याला वानरांनी हात लावला नव्हता. खाजतं हे त्यांनाही माहीत होतं. आणि अळवाच्या बुंध्याशी एक भोपळा होता, एका बाजूने कुरतडलेला.

तिथे काटे नव्हते. काटे पुरलेच नव्हते.

मी भोपळा आणि अळू आईसमोर ठेवलं. ती उठून बसली, भोपळा फिरवून फिरवून बघू लागली.

“उष्टा आहे,” मी म्हणालो.

“मारुतीचा,” आई म्हणाली. “तेणांच राखल्यान. हेका बैल खंय लागलो?”

कुंदाने कुरतडलेली बाजू कापून आईच्या सांगण्यावरून कौलांवर ठेवली आणि उरलेलं शिजत घातलं. अळवात चिंच घालायला गेली तर आईने हात धरला. चिंच बाजारची होती, बाजारात गाडीने आलेली.

तिघेही जेवायला बसलो. पहिल्या घासालाच घसा खाजू लागला. कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि माझ्या डोळ्यांतलं सगळं काही अळवाचं नव्हतं. आई मात्र सावकाश जेवत होती. पान पुसून झाल्यावर तिने ते कुंदासमोर सरकवलं.

“वायच आणि वाढ गो,” ती म्हणाली.